पडद्याची रस्त्याकडची बाजू

आमच्या माजलगावच्या घराला खिडक्या पुष्कळ आहेत, पण भांडणाची खिडकी एकच. बैठकीतली, मावळतीची, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या रस्त्यावर उघडणारी. घर बांधताना गवंडी सांगत होता, इथं लहान खिडकी ठेवू, दुपारनंतर ऊन आत येईल. माझे सासरे म्हणाले, "येऊ दे की. माणसं दिसली पायजेत." हे अर्धंच खरं होतं. माणसांना ते दिसले पाहिजेत, हे उरलेलं अर्धं. खिडकी मग दाराएवढी झाली आणि तिच्याखाली त्यांची बाज पडली.

सासऱ्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडं तशीच रीत आहे. मामा आधी गावच्या सोसायटीचे चेअरमन होते, मग कितीतरी वर्षं साखर कारखान्याचे संचालक. त्या काळात बैठक कधी रिकामी नसायची. ऊस कधी तुटणार, पोराला कारखान्यावर कुठं चिकटवता येईल का, मेहुण्याचं शेअरचं काम अडलंय, असलं काही ना काही घेऊन माणसं यायची आणि मी चहाचं पातेलं खाली उतरवायची नाही. आमच्या भागात पुढाऱ्याच्या खिडकीवर पडदा पडला की लोक काय ते समजतात. साहेब घरात आहेत, पण भेटायचं नाही. म्हणून मामांच्या खिडकीला जन्मात कधी पडदा लागला नाही. सासूबाई होत्या तेव्हा त्यांनी एकदा जुन्या लुगड्याचा लावला होता. तो संध्याकाळच्या आत उतरला, आणि त्यावर सासूबाई काय बोलल्या ते मी इथं लिहिणार नाही.

मग कारखान्यावर नवं पॅनल आलं. मामांनी वयामुळं फॉर्मच भरला नव्हता, तेव्हा हरणं-जिंकणं असं काही झालं नाही. माणसं मात्र कमी झाली. त्यातच पाऊस लागोपाठ दगा देऊन गेला. धरणात चिखल दिसायला लागला, ऊस उभ्या जागी वाळला, कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. जी दोन-चार जुनी माणसं सवयीनं येऊन बसायची ती जनावरं घेऊन छावणीला गेली नाहीतर टँकरच्या मागं लागली. मामा आपले बाजेवर. रस्त्यावर एखादी मोटारसायकल हळू झाली की ते सदऱ्याची वरची गुंडी लावून घ्यायचे. ती पुढं निघून गेली की गुंडी तशीच लावलेली राहायची. मला ते बघवायचं नाही, आणि जे मला बघवत नाही त्याचा मला राग येतो. माझा स्वभावच तसा आहे.

अशात त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, धूळ आणि समोरचं ऊन डोळ्यावर घ्यायचं नाही. मामा घरी आले आणि थेट खिडकीखाली जाऊन बसले. काळा चष्मा दिला होता, तो कपाळावर चढवून. संध्याकाळपर्यंत डोळा लाल. मी म्हणाले, बाज आतल्या खोलीत नेऊ. ते म्हणाले, "आतल्या खोलीत मी मरायला जाईन, आत्ता कशापायी जाऊ?" बाज जागची हलली नाही.

आमच्या ह्यांनी उपाय काढला. हे म्हणजे माझे मालक, शेतकी शाळेत शिक्षक. ते खतांच्या दुकानातून हिरवं शेडनेट घेऊन आले, रोपवाटिकेवर टाकतात ते, आणि खिडकीला ताणून बांधलं. ऊन कमी झालं यात शंका नाही. पण बैठकीतला माणूस न् माणूस हिरवा दिसायला लागला. मामांचे पांढरे केस, भिंतीवरचा सासूबाईंचा फोटो, चहासुद्धा हिरवा. मामा म्हणाले, "मी मिरचीचं रोप हाय का?" दुसऱ्या दिवशी ते नेट परसातल्या कढीपत्त्यावर गेलं आणि तिथं शोभलं.

पडदा लावू म्हटलं तर साधा पडदा एक तर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद. शिवाय आमच्याकडं दुपारनंतर जो वारा सुटतो त्यात तो मामांच्या तोंडावर फडफडणार, म्हणजे वर्षभर त्याचीच कटकट. पुण्यातल्या आमच्या लेकीनं तेव्हा फोनवर तिच्या घरातल्या खिडकीचा फोटो पाठवला. रोमन ब्लाइंड. सरळ कापड, मागून पातळ काड्या घातलेल्या, दोरी ओढली की खालून घड्या घालत वर जातं. हवं तिथं थांबवता येतं. मला बघताक्षणी पटलं. वरचं अर्धं झाकलं तर चारचं ऊन डोळ्यावर येणार नाही, आणि खालच्या अर्ध्यातून मामा रस्त्याला दिसत राहतील. मी मामांना फोटो दाखवला.

"रोमन म्हंजे कुठलं?"

"इटलीकडचं असंल."

"तिकडं ऊन पडतंय का?"

"पडत असल्याशिवाय पडदा केला का त्यांनी?"

त्यांनी फोन लांब धरून बराच वेळ पाहिला. नाही म्हणाले नाहीत. मी तेवढ्यावर चप्पल घातली.

कापडाच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. माझं माहेर केजचं आणि माझे वडील तिथल्या सहकारी भांडारात कापडाच्या काउंटरवर होते. शाळा सुटली की मी ताग्यांच्या ढिगाऱ्यामागं बसून पाढे म्हणायची. नव्या कापडाच्या खळीचा वास मला अजून आईच्या स्वयंपाकाच्या वासाइतका आवडतो. त्यामुळं मी दुकानात एकटी जाणार होते. पण मामांनी धोतर बदललं, डोक्याला टोपी घातली आणि म्हणाले, "मीबी येतो. खिडकी माझी हाय."

मोंढ्याजवळच्या त्या दुकानदारानं मामांना बघताच गादी झटकली, चहा सांगितला आणि मला विसरून त्यांनाच कापड दाखवायला लागला. पहिलं काय काढलं? सोनेरी, चमकणारं, हात लावला की घसरणारं. "हे सध्या लई चालतंय, दादा." मी म्हणाले, लग्नाच्या हॉलला चालत असंल. मग मोरांचं निघालं. मामांना मोर आवडले. मी ते कापड काउंटरवर पसरलं आणि पडदा वर जाईल तशा त्याच्या घड्या घालून दाखवल्या. पहिल्याच घडीत मोराचे पाय गेले, दुसऱ्या घडीत पिसारा. उरली नुसती मान. दुकानदार हसला, मामा हसले नाहीत. मोठं चित्र या पडद्याला चालत नाही एवढं मात्र तिथंच ठरलं.

मग मी एकेक तुकडा घेऊन दुकानाच्या दारात उन्हाकडं धरायला लागले. विरळ लिननमधून ऊन चाळणीतून यावं तसं आलं. मखमलीनं भर दुपारी अंधार केला, आणि शिवाय तिच्यात धूळ इतकी बसते की झटकून हात दुखावेत. पॉलिस्टर स्वच्छ राहतं म्हणतात, पण उन्हात तापलं की त्याला एक वास येतो, तो मला सहन होत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाणी. टँकर कधी यायचा कधी नाही यायचा, आम्ही भाजी धुतलेलं पाणी जपून झाडाला घालत होतो. त्या साली पडदा धुणं हे पापच होतं. म्हणजे कापड असं हवं की धूळ बसली तरी दिसू नये आणि झटकली की निघावी. मी सरळ पायरीवरची चिमूटभर माती उचलली आणि नमुन्यावर चोळली. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. "काकू, नवा तागा हाय." मी म्हणाले, आमच्या घरी गेल्यावर आठवड्यात जुनाच होणार आहे.

मामांचं मन तोवर एका डाळिंबी रंगावर बसलं होतं. कारखान्याच्या वार्षिक सभेला स्टेजच्या मागं असायचा तसला भारदस्त रंग. मी सांगितलं, गडद रंग मावळतीच्या उन्हाला सगळ्यात आधी उडतो, आणि उडालेला डाळिंबी रंग फार दीनवाणा दिसतो. त्यांनी तोंड रस्त्याकडं फिरवलं. मला वाटलं, आता रुसले. मग मी जाड सुती विणीचं एक कापड त्यांच्या मांडीवर ठेवलं. फिकट पिवळं, त्यात उभ्या तपकिरी रेघा. उन्हाकडं धरलं तर उजेड आत येत होता पण टोचत नव्हता, आणि माती चोळून झटकली तर कुठं चोळली ते मलाच सापडेना. मामांनी कापड बोटांत धरलं, चांगल्या डोळ्याजवळ नेलं.

"हे कडब्यासारखं दिसतंय."

"तसंच आहे."

"मग घे. औंदा कडबा बघायला तरी मिळंल."

दुकानदार हसता हसता थांबला. त्याच्याही दावणीला म्हशी होत्या. आतल्या अस्तराला मी मांजरपाट घेतला, साधा, जाड, कोरा, आणि आम्ही निघालो. मला त्या दिवशी इतकं बरं वाटत होतं की रिक्षात मी मामांना दुकानदाराची नक्कल करून दाखवली.

पडदा आमच्याच गल्लीतल्या ब्लाउज शिवणाऱ्या वहिनींनी शिवला. लेकीनं पाठवलेला व्हिडिओ आम्ही दोघींनी पुन्हापुन्हा पाहिला. मांजरपाटाच्या अंगाला काड्यांसाठी आडव्या खोळी, त्यावर बारीक कड्या, कड्यांतून दोऱ्या. रेघा सरळ राहाव्यात म्हणून वहिनींनी कापड जमिनीवर अंथरून त्यावर पाटा-वरवंटा ठेवला होता. काम झालं छान. आणि नेमकं टांगायच्या दिवशी माझ्या भाचीच्या लग्नाची सुपारी फुटणार म्हणून मला केजला जावं लागलं. मी ह्यांना चार वेळा सांगून गेले, वरची पट्टी भिंतीत पक्की ठोका, सरळ ठोका.

परत आले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. रिक्षातून उतरतानाच मला रस्त्यावरून तो दिसला. कडब्याचा रंग, उभ्या तपकिरी रेघा, अर्ध्यावर घड्या. क्षणभर इतकी हरखले की रस्त्यावरून तो इतका छान कसा दिसतोय हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बैठकीत पाय टाकला आणि आलं. आतल्या बाजूला मांजरपाट. त्याच्यावर काड्यांच्या खोळी, सगळ्या कड्या, आणि पाळण्याच्या दोऱ्यांसारख्या लोंबणाऱ्या दोऱ्या. पडदा उलटा लावला होता.

"हे कुणी केलं?"

ह्यांनी मामांकडं पाहिलं. मामा शांतपणे म्हणाले, "मी सांगितलं. चांगली बाजू रस्त्याकडं."

"पण मामा, चांगली बाजू घरात असते."

"घरातल्यांनी काय बघायचं? मांडवाची कनात कशी लावतेत? चांगलं अंग पाहुण्याकडं. आपल्या दारावरनं जाणाऱ्यानं फाटकं अस्तर बघावं का?"

"ते फाटकं नाही, नवं आहे."

"पर अस्तरच हाय की."

मी लेकीला फोन लावला, तिनं व्हिडिओवर पाहिलं आणि ती इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला. मी मात्र जेवले नाही. एवढं पारखून आणलेलं कापड, उन्हाला धरून, माती चोळून, आणि त्याची वीण दिसणार कुणाला, तर मोंढ्याला जाणाऱ्या हमालांना! ह्यांना म्हणाले, उद्या काढून सरळ लावा. हे म्हणाले, भिंतीचा गिलावा निघेल. मामा म्हणाले, लावायचा तर असाच लावा, न्हाईतर काढा. दोन पुरुष एका बाजूला झाले की आमच्या घरात माझं चालत नाही. पडदा उलटाच राहिला.

पण खरं संकट पुढंच होतं. चार वाजता अर्धा पडदा पुरायचा. मामा सावलीत, खालून रस्ता मोकळा, सगळं मनासारखं. सूर्य खाली आला की मात्र ऊन त्या उरलेल्या अर्ध्यातून सरळ डोळ्यात घुसायचं. आणि मोंढ्यातून, बँकेतून, तहसीलमधून माणसं घरी परतायची वेळही नेमकी तीच. मी दोरीला हात लावला की मामा म्हणायचे, "राहू दे. कुणी यायचं असलं तर?" कुणी येत नव्हतं. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. ते बोलून दाखवायचं धाडस आमच्यात कुणालाच नव्हतं.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर चिडले. असंच चाललं तर या डोळ्याची मी हमी देणार नाही, म्हणाले. त्या संध्याकाळी मी मामांच्या समोर उभी राहिले. म्हणाले, "डोळाच गेला तर कोण आलं ते तरी कसं कळणार तुम्हाला?" बोलून गेले खरी. इतकं स्पष्ट मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. मी पडदा पार खालपर्यंत सोडला. खोलीत सौम्य उजेड राहिला, आणि रस्त्याच्या बाजूनं आमची खिडकी घर बांधल्यापासून पहिल्यांदा संध्याकाळच्या वेळी पूर्ण बंद झाली.

रोज संध्याकाळी असं चाललं. मामा कमी बोलायला लागले. गुंडी लावायचं तर त्यांनी सोडूनच दिलं. मला वाटायचं, डोळा वाचवला खरा, पण मी हे काय करून बसले?

आणि मग एका संध्याकाळी दार वाजलं. मामांच्या बरोबर सोसायटीत होते ते म्हातारे काका, काठी टेकत, धापा टाकत. दारातूनच म्हणाले, "सूनबाई, दादा कसे हायत? खिडकीला पडदा दिसला. मोंढ्यात समदे म्हणायलेत, लई बिमार हायत म्हणून." मी काही सांगायच्या आत मामा बाजेवर उठून बसले होते. "कोण मेलं? मी? ये बे आत, बस."

ते बसतात न बसतात तोच आणखी दोघं आली. मग नव्या पॅनलमधले एकजण, ज्यांच्याशी मामांचं बोलणं बंद होतं, ते दारात घुटमळत उभे. मामा म्हणाले, "पायताण काढ अन् ये." मग गावाकडचा आमचा मेंढरावाला, छावणीवरून परतताना, घोंगडी खांद्यावर तशीच. तो सांगत होता, "रस्त्यानं जाताना रोज बघतोय, खिडकी झाकलेली. इतकं भारी कापड घालून झाकली म्हणजी काहीतरी इपरीत घडलं असंल वाटलं." ते भारी कापड उलट्या बाजूनं लागलेलं आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही. मी सतरंजी अंथरली, मग दुसरी अंथरली. दुष्काळाच्या दिवसांत पाहुण्याला पाणी देताना बायकांचा हात आखडायचा, माझाही आखडायचा. त्या दिवशी मी तांब्या भरून भरून दिला. उद्याचं उद्या, म्हटलं.

मामांनी प्रत्येकाला शिव्या घातल्या. "जिता हाय का मेलो ते बघायला आलात व्हय?" आणि प्रत्येक शिवीला त्यांचा आवाज आणखी खुलत होता. धरण, चारा, टँकर, कुणाची सोयरीक, कुणाची बोअर आटली, सगळं निघालं. चष्मा नाकावर नीट बसलेला होता. अंधार पडला तसं एकेकजण उठला, "जपा दादा" म्हणाला आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. पावसाचं नव्हतं, नुसतंच कोंदट, पण ऊन नव्हतं. पडदा सोडायची गरज नव्हती, म्हणून मी वरच ठेवला आणि आत कामाला लागले. थोड्या वेळानं दोरीचा आवाज आला. येऊन पाहते तर मामा स्वतः उभे राहून पडदा खाली सोडत होते. आजवर त्यांनी त्या दोरीला हात लावला नव्हता. एक बाजू तिरकी आली होती, ती सारखी करत होते.

मी म्हणाले, "मामा, आज ऊन नाही. बसा की रस्ता बघत."

"राहू दे खाली."

"काल आली तशी माणसं परत यावीत म्हणून?" मी जरा चेष्टेनंच विचारलं.

ते बाजेवर टेकले. दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून त्या मांजरपाटाकडं बघत राहिले.

"तसं न्हाई. आता मी दिसलो न्हाई तरी चालतंय." मग म्हणाले, "काल एवढी माणसं आली. त्यातल्या एकाचंबी माझ्याकडं काम न्हवतं, पोरी."

मी "बरं" म्हणाले आणि चहा टाकते म्हणून आत गेले, कारण मला तिथं उभं राहवेना.